अडकलेलं बिल सोडवायचं कसं: ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या लघुउद्योजकांसाठी

रबाळे एमआयडीसीत माझं पत्र्याच्या फॅब्रिकेशनचं आणि पावडर कोटिंगचं युनिट आहे. इलेक्ट्रिक पॅनलची कपाटं, दारं, ब्रॅकेट असं काम चालतं. सुरुवातीच्या वर्षांत एका पार्टीकडे माझे ४ लाख ८६ हजार रुपये अकरा महिने अडकले होते. दर मंगळवारी मी त्यांच्या ऑफिसात खेटे घालायचो. "चेक तयार आहे, फक्त सही राहिलीय." "साहेब बाहेरगावी आहेत." "पुढच्या आठवड्यात नक्की." त्या वर्षी कामगारांचा दिवाळी बोनस मी घरातलं सोनं गहाण ठेवून दिला.

मग एके दिवशी तिथल्या अकाउंट्समधल्या ताईंना माझी दया आली असावी. त्यांनी कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. एका पीओवरची (म्हणजे परचेस ऑर्डरवरची) माझी चार बिलं त्यात दिसत होती. तीन बिलांपुढे जीआरएन, म्हणजे स्टोअरने माल जमा करून घेतल्याच्या नोंदीचा नंबर होता, चौथ्यापुढची जागा रिकामी. त्या लॉटमधल्या आठ दारांवर ओरखडे आलेत म्हणून स्टोअरने ती रिजेक्शनच्या रॅकवर ठेवली होती आणि मला कुणी कळवलंच नव्हतं. चौथं बिल अडलं म्हणून त्या पीओवरची बाकीची तीनही होल्डवर गेली होती. मी अकरा महिने मालकाच्या केबिनबाहेर बसत होतो आणि पैसे अडले होते स्टोअरमध्ये.

दुसऱ्या दिवशी टेम्पो पाठवून दारं आणली, पुन्हा कोटिंग करून दिली. तीन आठवड्यांत २ लाख ७० हजार खात्यात आले. उरलेले २ लाख १६ हजार मात्र मालकालाच द्यायचे नव्हते. त्यासाठी कायद्याचा रस्ता धरावा लागला. या दोन्ही वाटा मी चाललोय, म्हणून नव्याने धंदा सुरू करणाऱ्यांसाठी हे क्रमाने लिहितोय. पैसे मागण्याआधी ते नेमके कुठे अडलेत हे शोधायचं आणि मगच कोणतं पाऊल उचलायचं ते ठरवायचं, हे मला उशिरा कळलं.

## १. उद्यम नोंदणी आजच तपासा

सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे वेळेवर मिळावेत म्हणून २००६ चा एमएसएमईडी कायदा आहे. त्याचा आधार हवा असेल तर उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी लागते. ही नोंदणी पूर्णपणे मोफत आहे आणि आधार-पॅनवर घरबसल्या होते. इंटरनेटवर शोधलं की पैसे घेऊन नोंदणी करून देणारी बरीच पानं दिसतात. त्यांच्या नादी लागू नका. खऱ्या सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'डॉट गव्ह डॉट इन'वर संपतो.

१ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर तुम्ही सूक्ष्म उद्योग. गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत असेल तर लघु. त्यावरच्या मध्यम उद्योगाला नोंदणी मिळते, पण उशिराच्या पेमेंटचं संरक्षण मिळत नाही.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात.

पहिलं, व्यापारी. वाशीच्या मार्केटमधून माल घेऊन पुढे विकणाऱ्यांनाही २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. व्यापाऱ्याला या कायद्याखाली वसुलीचा अर्ज करता येत नाही. त्याने पायरी ७ आणि ९ नीट वाचावी. उत्पादन करणारे, जॉबवर्क करणारे आणि सेवा देणारे मात्र यात बसतात.

दुसरं, नोंदणीची तारीख. पैसे अडकल्यावर घाईघाईने नोंदणी करून जुन्या बिलांसाठी अर्ज करणाऱ्यांच्या केसेस कोर्टात अडखळल्या आहेत. ऑर्डर घेण्याआधी नोंदणी झालेली असेल तर हा वाद उभाच राहत नाही. तेव्हा अजून केली नसेल तर हा लेख बाजूला ठेवा, आधी ती करा.

नोंदणी झाली की उद्यम नंबर बिलावर छापून घ्या. पार्टीला "आम्ही लघु उद्योग आहोत हे माहीतच नव्हतं" असं म्हणायला जागा राहत नाही.

## २. वसुलीचा कागद माल उतरवतानाच तयार होतो

या पायरीवर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण पुढे सगळं यावरच उभं राहतं.

आपल्याकडे टेम्पो जातो, ड्रायव्हर गेटवर चलन दाखवतो, वॉचमन त्यावर शिक्का मारतो आणि ड्रायव्हर चलनाची प्रत डॅशबोर्डवर टाकून परत येतो. माझ्याकडे त्या काळातलं एक चलन अजून आहे. उजव्या कोपऱ्यात पुसट जांभळा शिक्का, त्यात कंपनीचं नाव अर्धंच उमटलेलं, त्यावर बॉलपेनने फक्त एक आकडा. तारीख नाही, सही नाही, नगाची मोजणी नाही. वाद झाला तेव्हा त्या कागदाचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

आता माझ्या ड्रायव्हरला सक्त सूचना आहे. चलनावर चार गोष्टी असल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढायची नाही: इनवर्ड नंबर, तारीख, वाचता येईल असा शिक्का आणि घेणाऱ्याचं नाव लिहून सही. त्याचा फोटो तो तिथूनच मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. चलन ऊन-पावसात खराब झालं तरी फोटो राहतो. जुलैत ठाणे-बेलापूर रोडवर भिजून लगदा झालेली चलनं मी पाहिली आहेत.

तारखेला इतकं महत्त्व का, तर कायद्यातली मुदत तिथूनच मोजली जाते. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत पार्टीने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचला त्याच दिवशी त्यांनी तो स्वीकारला असं धरलं जातं. लेखी करार नसेल तर स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. करार असेल तर करारातली मुदत, पण ती ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. पीओवर '९० दिवस' छापलेलं असलं तरी कायद्यापुढे ४५ च दिवस धरले जातात. मोठ्या कंपन्यांच्या छापील अटी बघून नवे लोक दबून जातात. दबू नका.

तोंडी ऑर्डरवर माल द्यायची वेळ आली, तर "आपल्या फोननुसार अमुक नग, अमुक दराने, अमुक तारखेपर्यंत, पेमेंट ३० दिवसांत" एवढा दोन ओळींचा ईमेल तरी त्याच दिवशी टाका. ओळखीच्या माणसाला असं लिहायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. पण भीड भिकेची बहीण, हे धंद्यात शब्दशः खरं आहे.

जॉबवर्क करणाऱ्यांसाठी आणखी एक. पार्टीचा पत्रा आपल्याकडे आला, आपण त्यावर कोटिंग केलं, तर त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत तो माल अडवून ठेवायचा हक्क १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० मध्ये आहे. मात्र त्या कायद्यातच शिंप्याचं उदाहरण दिलंय: शिंप्याने कोट शिवून देताना तीन महिन्यांची उधारी कबूल केली असेल, तर पैशांसाठी त्याला कोट अडवता येत नाही. म्हणजे उधारीची मुदत तुम्ही एकदा मान्य केली की हा हक्क हातातून जातो. शिवाय जुन्या बिलासाठी नव्या लॉटचा माल अडवता येत नाही. ज्या मालावर काम केलं, त्याच मालापुरता हा हक्क आहे.

## ३. बिल कोणत्या टेबलावर अडलंय ते शोधा

मुदत उलटली की लगेच मालकाला फोन लावू नका. मध्यम आणि मोठ्या कंपनीत बिलाचा प्रवास साधारण असा होतो: गेट, मग स्टोअर, मग क्वालिटी, मग परचेस, मग अकाउंट्स आणि शेवटी सही करणारे साहेब. प्रत्येक टेबलावर विचारायचा प्रश्न वेगळा असतो.

स्टोअरमध्ये विचारा: "आमच्या अमुक चलनाचा जीआरएन झाला का? नंबर काय?" तो नंबर मिळाला की निम्मी लढाई झाली. जीआरएन नसेल तर शॉर्टेज आहे, रिजेक्शन आहे की नुसता आळस, ते तिथेच कळतं.

परचेसमध्ये विचारा: "पीओतला दर आणि बिलातला दर जुळतोय ना?" एचएसएन कोड (जीएसटीसाठीचा मालाचा वर्गीकरण क्रमांक) चुकला, पीओ नंबर लिहायचा राहिला, युनिट दोन असताना जीएसटी नंबर दुसऱ्याच राज्यातल्या शाखेचा टाकला, अशा चुकांनी बिलं महिनोन्महिने पडून राहतात. चूक आपली असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करून द्या.

अकाउंट्समध्ये विचारा: "बिल बुक झालं का? ड्यू डेट काय लागलीय?" शक्य झालं तर त्यांच्या खात्यातला आपला लेजर (खातेउतारा) मागा. ते आढेवेढे घेत असतील तर आपल्या पॅनवर कापलेला कर दाखवणाऱ्या आयकराच्या २६एएस विवरणात डोकावा. त्या बिलाचा टीडीएस त्यांनी तुमच्या पॅनवर भरलेला दिसत असेल, तर बिल त्यांच्या हिशेबात चढलंय याचा तो चांगला पुरावा. मला एकाने "बिल मिळालंच नाही" म्हणून सांगितलं होतं. मी २६एएसची प्रत पुढे ठेवल्यावर विषय संपला.

हे सगळं विचारताना माणसाशी नीट बोला. अकाउंट्समधला माणूस आपल्यासारखाच पगारावर काम करणारा आहे. सकाळी साडेदहाला आणि महिनाअखेरीला फोन करू नका. दुपारी जेवणानंतर, महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात फोन केला तर तो शांतपणे बघून सांगतो. "ताई, माझं एक बिल दिसत नाहीये, जरा बघता का?" हे "माझे पैसे कधी देणार?" पेक्षा कितीतरी कामाचं वाक्य आहे.

सगळी टेबलं फिरून झाल्यावर कागदात काहीच अडलेलं नाही असं दिसलं, तर समजायचं की पैसे देणाऱ्याच्या मनात अडलेत. पुढच्या पायऱ्या त्यासाठी.

## ४. तोंडी तगादा थांबवा, लिहायला लागा

फोनवरच्या आश्वासनाचा कुठेच पुरावा राहत नाही. प्रत्येक फोननंतर लगेच एक ईमेल टाका: "आज आपलं बोलणं झालं, आपण १० तारखेपर्यंत अमुक रक्कम देतो म्हणालात, त्याबद्दल आभार." यात भांडण नाही, पण नोंद राहते.

मुदत उलटून आठवडा झाला की पहिलं पत्र, पंधरा दिवस झाले की दुसरं. मी साधारण असं लिहितो:

"सोबतच्या तक्त्यातल्या तीन बिलांचे एकूण २,१६,००० रुपये देय आहेत. माल आपल्याला मिळाल्याच्या तारखा आणि जीआरएन नंबर तक्त्यात दिले आहेत. मालाबद्दल आपली कोणतीही लेखी हरकत आम्हाला मिळालेली नाही. आम्ही उद्यम नोंदणीकृत सूक्ष्म उद्योग आहोत. पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत रक्कम जमा करावी, अन्यथा एमएसएमईडी कायद्यानुसार व्याजासह मागणी करावी लागेल."

ईमेलने पाठवाच, शिवाय स्पीड पोस्टनेही पाठवा आणि पोस्टाची पावती व पोहोच झाल्याची नोंद जपून ठेवा. पत्रात राग, टोमणे, "तुम्ही फसवे आहात" वगैरे काही नको. हेच पत्र उद्या दुसऱ्या कुणाच्या टेबलावर जाणार आहे असं समजून लिहा.

दरवर्षी ३१ मार्चला प्रत्येक पार्टीकडून बाकीच्या रकमेची लेखी कबुली, म्हणजे बॅलन्स कन्फर्मेशन, सही-शिक्क्यासह घ्या. पैशाच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. ती संपण्याआधी पार्टीने लेखी कबुली दिली, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजतात. "संबंध आहेत, देतील" म्हणत चौथं वर्ष उजाडलेले लोक मी वागळे इस्टेटमध्ये पाहिलेत. बिलं खरी, माल खरा, पण मुदत गेलेली.

## ५. त्यांच्या सी.ए.ला पोचेल असं बोला

मालकाला तुमच्या अडचणीशी देणंघेणं नसेल, पण स्वतःच्या कराशी असतं. तीन गोष्टी नम्रपणे कळवा.

एक, आयकर. २०२३ च्या वित्त कायद्याने आणलेली आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेली तरतूद, जिला सगळे '४३बी एच' म्हणून ओळखतात. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं कायद्यातल्या मुदतीबाहेर गेलं, तर ते प्रत्यक्ष ज्या वर्षी दिलं त्या वर्षीच खर्च म्हणून वजा मिळतं. म्हणजे ३१ मार्चला तुमचे पैसे मुदतीबाहेर थकलेले असतील, तर त्या रकमेवर त्या वर्षी त्यांना कर भरावा लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत पाठवलेलं पत्र म्हणूनच सर्वात जास्त काम करतं.

दोन, जीएसटी. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) व्याजासह परत करावं लागतं. तुम्ही मात्र त्या बिलाचा जीएसटी स्वतःच्या खिशातून आधीच भरलेला असतो. हे मला फार झोंबतं. पैसे आपले अडलेले आणि त्यावरचा करही आपणच भरलेला.

तीन, पार्टी कंपनी असेल तर. सूक्ष्म-लघु उद्योगांची ४५ दिवसांवरची थकबाकी तिला दर सहामाहीला एमएसएमई-१ या फॉर्ममध्ये कंपनी निबंधकांना कळवावी लागते, ऑक्टोबर आणि एप्रिलच्या अखेरीपर्यंत.

हे धमकीच्या सुरात लिहू नका. "आपल्या सी.ए.च्या माहितीसाठी आमचं उद्यम प्रमाणपत्र जोडत आहे" एवढी ओळ पुरते. समजायचं ते समजतात.

पार्टी खूप मोठी असेल, तर ती ट्रेड्सवर, म्हणजे बिलांवर आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यासपीठावर आहे का विचारा. उलाढाल २५० कोटींवर असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची केलेली आहे. पार्टीने बिल मान्य केलं की बँक थोडी कटौती घेऊन तुम्हाला आधी पैसे देते आणि पार्टीकडून नंतर वसूल करते. मुदत संपायच्या आतल्या बिलांसाठी हा रस्ता चांगला.

## ६. पुढचा माल थांबवायचा की नाही

हा प्रश्न प्रत्येकाला रात्री छळतो. थांबवला तर ऑर्डर जाते, दिला तर खड्डा वाढतो. माझा नियम साधा आहे: थकबाकी एका महिन्याच्या कच्च्या मालाच्या खर्चाच्या वर गेली की पुढचा माल आगाऊ पैशांवर. तसं लेखी कळवतो. नुकसान झालं तरी ते मला पेलेल एवढंच राहतं. हा आकडा तुम्ही तुमच्या खिशाप्रमाणे ठरवा, पण अडचण येण्याआधी ठरवा. समोर बसून चहा पीत असताना ठरवायला गेलात तर हमखास जास्तीचा ठरतो.

## ७. हप्ते आणि चेक

पार्टी खरंच अडचणीत असेल तर हप्ते मान्य करायला हरकत नाही. मात्र हप्त्यांचा तक्ता लेखी, सहीसह घ्या आणि प्रत्येक हप्त्याचा पुढच्या तारखेचा चेक आधी घ्या. "एक हप्ता चुकला तर सगळी बाकी रक्कम एकदम देय" ही ओळ त्यात हवीच.

चेक परत आला तर दिवस मोजायला लागा. बँकेकडून परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्यांना पैसे द्यायला १५ दिवस असतात. ते उलटल्यावर एका महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. चेक तारखेपासून तीनच महिने चालतो, त्यामुळे "जरा थांबा, टाकू नका" याला एका मर्यादेपलीकडे बळी पडू नका. तुमचं खातं ज्या शाखेत आहे त्या भागातल्या कोर्टात ही तक्रार होते, त्यामुळे पार्टी दिल्लीची असली तरी तुम्हाला दिल्ली गाठावी लागत नाही. चेक घेतल्यानंतर त्यातले थोडे पैसे रोख किंवा ऑनलाइन आले असतील, तर चेक बँकेत टाकण्याआधी वकिलाला दाखवा. नोटिशीतला आकडा चुकला की केस तिथेच पडते.

## ८. फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज

माझे उरलेले २ लाख १६ हजार इथून सुटले. सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषद म्हणतात तिला, सगळे 'कौन्सिल'च म्हणतात. कायद्यातली मोठी सोय अशी की अर्ज तुमच्या भागातल्या परिषदेकडे जातो. ठाणे आणि नवी मुंबई कोकण विभागात येतात. पार्टी चेन्नईची असली तरी उत्तर तिला इथे द्यावं लागतं.

अर्ज ऑनलाइन होतो. २०१७ पासून त्यासाठी 'समाधान' पोर्टल होतं, जून २०२५ मध्ये त्याला 'ओडीआर' (ऑनलाइन वाद-निवारण) या नव्या पोर्टलची जोड मिळाली. आधी हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा:

- उद्यम प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी प्रमाणपत्र
- पीओ किंवा ऑर्डरचा ईमेल
- प्रत्येक बिल, त्याचं चलन, असेल तर ई-वे बिल आणि जीआरएन
- पार्टीचा लेजर, दोन्ही बाजूंचा मिळाला तर उत्तम
- सगळी पत्रं, ईमेल, पोस्टाच्या पावत्या
- बँक स्टेटमेंट, आलेल्या रकमांवर खूण करून
- व्याजाचा तक्ता
- फर्म भागीदारीत किंवा कंपनी असेल तर सहीचा अधिकार देणारं पत्र किंवा ठराव

पार्टीचं नाव आणि पत्ता जीएसटीच्या नोंदीप्रमाणे लिहा. बोलण्यातलं नाव आणि कागदावरचं नाव वेगळं असतं आणि चुकीच्या नावाने गेलेला अर्ज महिने खातो.

व्याज किती, हे सांगतो, कारण लोक ते मागायचंच विसरतात. रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ. बँक रेट ५.५० टक्के धरला तर वर्षाला साडेसोळा टक्के, म्हणजे महिन्याला १.३७५. तीन लाख रुपये सहा महिने थकले तर व्याज साधारण २५,६०० रुपये होतं. पार्टीला हे व्याज खर्च म्हणून आयकरातही दाखवता येत नाही. दर मधे बदलला असेल तर त्या त्या काळाचा दर लावून तक्ता करा, किंवा सी.ए.कडून करून घ्या.

परिषद आधी दोघांना समोरासमोर बसवून समझोता घडवते. तिथे नाही जमलं तर लवाद होतो आणि लवादाचा निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखा अमलात आणता येतो. त्याविरुद्ध कोर्टात जायचं तर पार्टीला निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. टाळाटाळ करणाऱ्याला हीच अट सगळ्यात जड जाते. कायद्यात ९० दिवसांत निकाल असं लिहिलंय, पण हातात त्यापेक्षा जास्त वेळ धरून चाला.

माझी केस समझोत्यातच मिटली. मुद्दल पूर्ण, व्याजातला काही भाग मी सोडला, पैसे दोन हप्त्यांत. सुनावणीला मी मूळ चलनं घेऊन गेलो होतो, तारखेप्रमाणे लावलेली, प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी. समोरच्याकडे एकही लेखी हरकत नव्हती. बोलायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत.

वकील घेतलाच पाहिजे असं इथे नाही. अर्ज भरताना अडलं तर ठाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. वागळे इस्टेटमधली ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन आणि रबाळ्याची ठाणे बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन यांचे सभासद व्हा. तिथे यातून गेलेला कुणी ना कुणी भेटतोच. बांधकाम-उभारणीच्या ठेक्याचं काम असेल, तर ते या कायद्यात बसतं का यावर कोर्टांचे निकाल एकसारखे नाहीत. तेवढं मात्र वकिलाला विचारूनच पुढे जा.

## ९. कोर्ट

व्यापारी असाल किंवा परिषदेचा रस्ता बंद असेल तर दिवाणी दावा. लेखी कराराच्या किंवा चेकच्या आधारावर समरी सूट, म्हणजे लवकर चालणारा दावा करता येतो. त्यात पार्टीला बचाव मांडण्यासाठी आधी कोर्टाची परवानगी काढावी लागते. तीन लाखांवरचा व्यापारी वाद असेल आणि तातडीचा हुकूम नको असेल, तर दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थी करणं सक्तीचं आहे. ती न करता दाखल केलेला दावा फेटाळला जातो.

दिवाळखोरी कायद्याची नोटीस पाठवू असं कुणी सुचवेल. थकबाकी एक कोटीच्या खाली असेल तर तो दरवाजा आपल्यासाठी बंद आहे.

आणि वसुलीसाठी 'माणसं' पाठवायचा सल्ला देणारे भेटतात, एमआयडीसीत तर भेटतातच. त्या वाटेला जाऊ नका. पार्टीचं नाव घेऊन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बदनामीही करू नका. आज तुमची बाजू खरी आहे. एका धमकीने तुम्हीच आरोपी होता.

## १०. पैसे आल्यावर

रक्कम जमा झाली की ती कोणत्या बिलांपोटी, हे त्याच दिवशी ईमेलने कळवा आणि कापलेला टीडीएस २६एएसमध्ये दिसतोय का ते बघा. "फुल अँड फायनल" लिहिलेल्या कागदावर पूर्ण रक्कम खात्यात दिसेपर्यंत सही करू नका. परिषदेतला अर्ज किंवा चेकची केस शेवटचा हप्ता वटल्यावरच मागे घ्या. माझ्या समझोत्यातल्या पहिल्या हप्त्यानंतर लगेच त्यांच्या माणसाचा फोन आला होता, "आता अर्ज काढून घ्या, दुसरा चेक निघतोच आहे." मी म्हटलं, "साहेब, चेक वटला की त्याच संध्याकाळी काढतो." चेक वटला आणि त्याच संध्याकाळी मी अर्ज मागे घेतला.